गोसावीपुऱ्याचे विस्मरण

रत्नागिरी जिल्ह्यातील कोणी ना कोणी पुण्यास गेलेले नाही, असे घर विरळाच. शनिवारवाडा आणि पर्वती या मुलांना ठाऊक असतात. पण सोमवार पेठेत, नागझरीकाठी, एके काळी गोसावीपुरा नांदत होता, हे कितीजणांना माहीत आहे?

दशनामी गोसावी हे केवळ भिक्षेवर जगणारे विरक्त नव्हते. त्यांचे आखाडे शस्त्रधारी होते, तीर्थयात्रेच्या वाटांनीच त्यांचा व्यापार चाले आणि पुण्यात त्यांची सावकारी होती. संपत्ती गुरूकडून शिष्याकडे जाई. त्यामुळे मठ व पेढी भाऊबंदकीच्या वाटण्यांतून वाचत. भीमगिरजी गोसाव्यांनी १७५४ मध्ये आरंभलेले आणि १७७० मध्ये पूर्ण झालेले त्रिशुंड गणपतीचे मंदिर ही या वैभवाची साक्ष. मयूरावर आरूढ, तीन सोंडांची मूर्ती. दर्शनी भिंतीवर साखळदंडांनी जखडलेला गेंडा. गाभाऱ्यात संस्कृताबरोबर चक्क फारसी शिलालेख. आणि तळघरात गुरूंची समाधी! मंदिर आणि मठ येथे एकच होते.

अर्थात, या इतिहासाचे सोयीस्कर चित्र रंगविण्याचे कारण नाही. १७६१ मध्ये पानिपतावर अनुपगिरी गोसावी शुजाच्या सैन्यात, म्हणजे अब्दालीच्या गोटात होता. मात्र विश्वासरावांच्या देहाला अग्निसंस्कार मिळावा यासाठी खटपट करणाऱ्यांतही तोच होता. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

लंडनमध्ये ‘टेंपलर’ या ख्रिस्ती लढाऊ पंथाने मठ वसविला. त्याच्या चर्चचे समर्पण ११८५ मध्ये झाले. १३१२ मध्ये पंथ बरखास्त झाला, जागा पुढे वकिलांच्या संस्थांकडे गेली. १९४१ च्या बाँबवर्षावात होरपळलेले ते चर्च इंग्रजांनी पुन्हा उभारले. ज्या पंथाला त्यांच्याच धर्मपीठाने मोडीत काढले, त्याचीही वास्तू ते जपतात. आपले आखाडे तर आजही कुंभमेळ्यात शाहीस्नान करतात. त्यांच्या स्नानाची छायाचित्रे आपण हौसेने पाहतो, पण पुण्यातील त्यांच्या समाध्या घरांच्या दाटीत हरवल्या तरी आपल्याला खंत वाटत नाही.

सारा भार शासनावर टाकून चालणार नाही. पेशवे दप्तर पुण्यातच आहे. इतिहास शिकणाऱ्या चार तरुणांनी मोडी वाचावी, पेठेतील जुने मठ व समाध्या एकेक करून नोंदवाव्यात आणि सध्याच्या मालकांशी सौजन्याने बोलावे. आमच्या कोकणातील मुलांनी यात पुढाकार घ्यावा.