मोनॅझाइटचे धन आणि त्याची राखण

4 एप्रिल 2025 रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये व त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, आणि त्याची झळ पाहता पाहता पुण्याच्या वेशीपर्यंत येऊन पोचली. चुंबकांअभावी ऑगस्टात विजेवरील दुचाकींचे उत्पादन शून्यावर येण्याचा संभव आहे, असे आकुर्डीच्या बजाज ऑटोला त्या जुलैत जाहीर करावे लागले. पुढे ती वेळ निभावली. तथापि येथील कामगारांची भाकरी परक्याच्या परवान्यावर अवलंबून राहावी, हे स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारे नाही.

वस्तुतः निसर्गाने आपल्याला कमी दिलेले नाही. मुख्यतः आंध्र, ओडिशा, तामिळनाडू व केरळच्या किनारी वाळूत मिळून देशात सुमारे 1 कोटी 30 लाख टन मोनॅझाइट आहे. 'इंडियन रेअर अर्थ्स' ही सरकारी कंपनी 1950 साली स्थापन झाली व 1952 साली केरळात अलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. असे असूनही चुंबकांसाठी आपण चीनच्या तोंडाकडे पाहतो. चुंबके घडविण्याची विद्या व भांडवल यांची उणीव आहे, हे खरे. काही जड मूलद्रव्ये आपल्या मोनॅझाइटात अत्यल्प आहेत, हेही खरे. परंतु तिसऱ्या अडचणीची चर्चा क्वचितच होते. मोनॅझाइटात निम्म्याहून अधिक दुर्मिळ मृदा असल्या, तरी आठ ते दहा टक्के थोरियमही असते. एक काढू गेले की दुसरे हाती येतेच. थोरियम उद्याचे अणुइंधन म्हणून जपून ठेवता येते. त्याच्या क्षयातून उपजणारे रेडियम मात्र गाळात उतरते, आणि त्या किरणोत्सर्गी गाळाची राखण करावीच लागते.

या राखणीत हयगय केली तर काय होते, हे मलेशियातील बुकित मेरा येथे दिसले. 1982 साली सुरू झालेल्या तेथील कारखान्याच्या थोरियमयुक्त कचऱ्याविरुद्ध रहिवासी न्यायालयात गेले. 1994 साली कारखाना बंद पडला आणि पुढील सफाईस सुमारे दहा कोटी डॉलर लागले. दुसरे टोक अमेरिकेचे. 0.05 टक्के थोरियम असलेल्या खनिजासही तेथे अणुद्रव्याचे नियम लागू होतात. थोरियमास गिऱ्हाईक नाही आणि सांभाळण्याचा खर्च मात्र उत्पादकाच्या माथी, अशा स्थितीत मोनॅझाइटाकडे पाठ फिरविली गेली. हा उद्योग चीनकडे सरकला, त्याच्या कारणांपैकी हे एक होय.

आपल्याकडे 2019 साली केंद्राने किनारी वाळूतील खनिजांची दारे खाजगी कंपन्यांना बंद केली. कडक नियमनास आमचा विरोध नाही. नियामक स्वतंत्र असावा, एवढाच आमचा आग्रह आहे. वाळू उपसणारी सरकारी कंपनी अणुऊर्जा विभागाची. आणि 1983 साली स्थापन झालेले नियामक मंडळ ज्या आयोगास उत्तरदायी ठेवले गेले, त्याचे अध्यक्ष त्याच विभागाचे सचिव. पक्षकार व पंच एकाच घरचे असले, तर निवाडा योग्य असूनही लोकांस तो पटत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2012 मध्येच मंडळाच्या या दुबळ्या स्थानावर बोट ठेवले होते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या 'शांती' कायद्याने मंडळास वैधानिक दर्जा देऊ केला आहे. तो व्यवहारात उतरला पाहिजे.

आमचे मत स्पष्ट आहे. थोरियम व रेडियमयुक्त गाळ शासनाने आकार घेऊन आपल्या ताब्यात ठेवावा. त्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्मिळ मृदा उद्योगांना मोकळेपणाने मिळाव्यात. आणि कारखान्यांभोवतीच्या गावांतील पाणी व माती यांची मोजमापे तेथील लोकांच्या भाषेत नियमितपणे प्रसिद्ध व्हावीत. चुंबकनिर्मितीसाठी केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये 7280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गाळाच्या राखणीची तरतूदही तितक्याच ठळकपणे दिसावयास हवी.

पुण्याच्या रस्त्यांवरील धूर कमी व्हावा, ही आपली इच्छा रास्त आहे. पण त्यासाठी उपसली जाणारी वाळू केरळातील चवरा अथवा ओडिशातील छत्रपूर येथील कोळ्यांच्या दाराशी आहे. राखणीचा खर्च वाहनाच्या किमतीत धरल्याने ते थोडे महाग झाले, तर तो भार आपण शहरवासीयांनी विनातक्रार उचलला पाहिजे. किनाऱ्यावरील गरिबाने मुकाट्याने किंमत मोजावी आणि आपण त्यास स्वावलंबन म्हणावे, हे न्यायाचे होणार नाही.