रणगाडा, मावळा आणि अंगठा

दिवाळी आली की आमच्या इमारतीच्या आवारात एक किल्ला उभा राहतो. दगडमातीवर ओले गोणपाट पसरायचे, वर हळिवाची हिरवळ पेरायची आणि मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर पहाऱ्याला ठेवायचे, हा क्रम ठरलेला. यंदा मात्र गडावर भलताच प्रसंग ओढवला. आमच्या चिरंजिवांनी आपला प्लास्टिकचा रणगाडा आणून थेट महादरवाजासमोर उभा केला. वर शेजारच्या काकूंच्या नातीचा मावळा तलवार उपसून तयार! लढाई झाली तर जिंकणार कोण, यावर दोघांचे हातघाईवर आले आणि खटला माझ्यासमोर दाखल झाला.

"काका, तुम्ही मराठी शिकवता ना? मग सांगा!"

मराठी शिकवण्याचा आणि रणगाड्याचा संबंध काय, हे मला उमगले नाही. पण 'ठाऊक नाही' म्हणण्याची अध्यापकाला सवय नसते. मी घसा खाकरून मावळ्याची बाजू मांडली. सभासदाच्या बखरीतला तानाजी सांगितला. डाव्या हातातली ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा डाव्या हाताचीच ढाल करून तो उदेभानाशी झुंजला. दोघेही पडले, पण सूर्याजीने हिंमत धरली आणि गड हाती आला. त्याच १६७० साली आपल्या पनवेलजवळचा कर्नाळाही मराठ्यांनी मोगलांकडून परत घेतला, तो मातीचे आडोसे उभारीत पुढे सरकून. नातीने टाळ्या पिटल्या.

चिरंजीव हिरमुसले. पुत्रप्रेमाने म्हणा किंवा सत्यप्रेमाने म्हणा, मला पुढेही सांगावे लागले. १८१८ साली कर्नल प्रॉथरने हाच कर्नाळा घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या उखळी तोफांनी रायगडावरचे वाडे पेटवले. तिथे तलवारीची हातोटी काय कामाची? आता टाळ्या चिरंजिवांच्या. निकाल उद्यावर ढकलून मी घरात सटकलो.

रात्री झोप येईना. इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो, मग गोष्टीतल्या लढाईचे काय? आपल्याकडे शस्त्रांचे सर्वांत मोठे भांडार महाभारतात. पण गंमत अशी, की व्यास एका हाताने अस्त्र देतात आणि ऐन वेळी दुसऱ्या हाताने काढून घेतात. इंद्राची अमोघ शक्ती कर्णाने अर्जुनासाठी जपली आणि ती खर्ची पडली घटोत्कचावर. अर्जुनाची गत तर त्याहून करुण. कृष्ण गेल्यावर द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन तो निघाला असताना, काठ्या घेतलेल्या आभीरांनी त्याला लुटले. गांडीव तेच, धनुर्धर तोच. पण दोरी चढवता चढवता नाकी नऊ आले, अस्त्रे आठवेनात, अक्षय्य भाते रिकामे झाले. शस्त्र हरले म्हणावे, तर कौशल्य तरी कुठे जिंकले?

आणि निव्वळ कौशल्याचीच कथा हवी असेल, तर तीही व्यासांनी सांगून ठेवली आहे. एकलव्याजवळ ना दिव्य अस्त्र, ना दिव्य रथ. मातीचा गुरू आणि स्वतःचा हात, एवढेच भांडवल. त्या हाताला तोड नव्हती. म्हणून त्याच्याशी कोणी लढलेच नाही. त्याचा अंगठा मागून घेतला! मागणारा कोण? आमच्याच पेशाचा मूळपुरुष.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. सुमारे सव्वाशे फुटांचा तो खडक लांबून थेट वर केलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. अलीकडे तो दिसला की मी मान वळवतो. कारण सांगायला हवे.

तीन वर्षांपूर्वी त्याच डोंगराखालच्या एका ठाकूरवाडीतला मुलगा माझ्या वर्गात होता. एकलव्यावर निबंध लिहायला सांगितला होता. त्याने तो आपल्या वाडीच्या बोलीत लिहिला. अंगठा गेल्यावर एकलव्य घरी परतला, तेव्हा आईने त्याला भाकरी कशी मोडून दिली, एवढेच त्यात होते. वाचताना माझे डोळे भरून आले. आणि मग मी तांबडी पेन्सिल घेऊन पानभर रेघा ओढल्या: 'भाषा अशुद्ध. संदर्भग्रंथांचा उल्लेख नाही.' गुण, काठावर.

"सर, गोष्ट चुकली का?" एवढेच त्याने विचारले.

"गोष्ट चांगली आहे रे, पण परीक्षेत अशी चालत नाही," मी म्हणालो. पुढच्या वर्षी तो कॉलेजात दिसला नाही. कारणे पुष्कळ असतील. पण त्यांत माझी पेन्सिल नसेलच, असे छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

सकाळी निकाल द्यायला खाली उतरलो. पाहतो तो रणगाडा दरवाजातून आत गेलेला आणि त्यावर मावळा बसवलेला!

"अरे, लढाईचं काय झालं?"

"काका, हा आता आमच्याच गडावर आहे," नात म्हणाली.

"पण बाबा, त्याला गाडा चालवता येत नाही ना," चिरंजीव घाईत होते, "मी शिकवतोय त्याला."

मी निकाल खिशातच ठेवला. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडले की आधी ऑफिसात जाऊन त्या मुलाचा पत्ता विचारायचा आहे.