व्हिजिटला येणारे डॉक्टर आपणच घालवले



जुन्या आठवणींत डॉक्टरांची व्हिजिट आली की आपण सगळेच हळवे होतो. चामड्याची बॅग, उकळत्या पाण्यातली काचेची सिरिंज, गुलाबी मिक्श्चर, बाटलीवर चिकटवलेली डोसांची कागदी पट्टी. आणि शेवटी ठरलेलं वाक्य : "आता तसे डॉक्टर राहिले नाहीत, सगळा धंदा झालाय." माझं भांडण या वाक्याशी आहे. जन्मभर बँकेत खाती तपासली. खातं बुडालं की फक्त समोरच्याची बाजू बघायची नसते, एवढं मला कळतं.

आधी माझंच खातं उघडतो. साल १९६२. आम्ही निपाणीत, वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. मी अकरा वर्षांचा होतो आणि मला मुदतीचा ताप आला, म्हणजे टायफॉइड. (पुढे हजारो मुदत ठेवी हाताळल्या, पण ही पहिली.) आमचे डॉक्टर रोज संध्याकाळी सायकलवरून यायचे. वखारींच्या बोळातून येताना तंबाखूचा खकाणा नाकात जायचा, त्यामुळे ते दारात आले की आधी चार शिंका ऐकू यायच्या. आई गरम पाण्याचा तांब्या, साबण आणि धुतलेला पंचा तयार ठेवायची. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याआधी घर तपासलं. पाणी कुठून भरता, माठावर झाकण असतं का, धाकटी याच्याच ताटलीत जेवते का. आडाचं पाणी उकळून प्यायची सवय आमच्या घराला त्या दिवशी लागली. क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल मोजून द्यायचे आणि वडिलांनी सकाळ-संध्याकाळचा ताप कॅलेंडरवर लिहायचा. आमच्याकडचं झालं की शेजारच्या घरातून त्यांचा आवाज यायचा, "बायी तेगी". तिथं तोंड कानडीत उघडायचं असायचं. निघताना आई रोज म्हणायची, "डॉक्टर, च्या घेऊनच जावा."

पैसे? "तंबाखूचे आले की देतो." डॉक्टर वहीत लिहून ठेवायचे. त्या वहीतली किती येणी वसूल झाली असतील, देव जाणे. आपण आज त्याला सेवाभाव म्हणून गौरवतो. बँकेत त्याला थकबाकी म्हणतात, आणि ती डॉक्टरांच्या बायकोनं आपल्या संसारातून सोसली.

तो काळ सुवर्णाचा होता असंही नाही. छातीत कळ आली तर घरी आलेला डॉक्टर फारसं काही करू शकत नव्हता. आमच्याच गल्लीतले दोघे-तिघे पन्नाशीच्या आत गेले. आजच्या सोयी असत्या तर ते कदाचित वाचले असते. माझं म्हणणं एवढंच, की व्हिजिट बंद पडली ती एकट्या डॉक्टरांच्या लोभानं नाही.

बदलीनंतर बेळगावला टिळकवाडीत घर केलं. तिथंही फॅमिली डॉक्टर मिळाले, स्कूटरवरून यायचे. एकदा धाकट्या मुलीला ताप होता. ते तपासून गेले आणि मी हिला म्हणालो, "दोन मिनिटांचे पन्नास रुपये?" पोरीनं ते ऐकलं होतं. पुढच्या व्हिजिटला स्टेथोस्कोप छातीला लावल्याबरोबर म्हणाली, "डॉक्टरकाका, बाबा म्हणतात दोन मिनिटांचे पन्नास." डॉक्टर हसले. त्या दिवशी अर्धा तास बसले आणि जाताना पैसे घ्यायला विसरले, की विसरल्यासारखं केलं. माफी मागायची सोडून मी काय केलं? लाजेपोटी बालरोगतज्ज्ञ गाठला. नंतर पोटाला वेगळा, गुडघ्याला वेगळा. त्या डॉक्टरांकडे मात्र रजेच्या सर्टिफिकेटपुरता जात राहिलो. बँकवाल्यांनो, खाली मान घालू नका, आपण सगळेच जात होतो.

१९८६ मध्ये मेडिक्लेम आला. बहुतेक पॉलिसींची मुख्य अट अशी, की चोवीस तास हॉस्पिटलात काढा, मग पैसे. म्हणजे घरी येऊन आजार वेळीच आवरणाऱ्या डॉक्टरची फी खिशातून, आणि तोच आजार वाढवून अॅडमिट झालं तर कंपनी देणार. घरगुती उपचारांचं कलम काही पॉलिसींत असतं, पण त्यातही तीन दिवसांची वगैरे अट. त्याच साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पैसे घेऊन दिलेली डॉक्टरांची सेवा त्या कायद्याखाली आणली. निकाल योग्यच होता. पण रात्री अकरा वाजता एका स्टेथोस्कोपच्या जोरावर निर्णय घेणारा डॉक्टर तेव्हापासून विचार करणारच की, उद्या हे नोटीस पाठवतील का? "अॅडमिट करा" म्हणणं त्याला सुरक्षित.

दोन वर्षांपूर्वी माझे मोठे भाऊ, आमचे दादा, निपाणीच्या घरी अंथरुणाला खिळून होते. वय शहाऐंशी. एका रात्री ताप आणि धाप. पुतण्यानं सहा फोन केले. सगळीकडे एकच उत्तर, "घेऊन या, बघू." पहाटे अॅम्ब्युलन्समधून चाळीस किलोमीटरवर कोल्हापूर. चार दिवस आयसीयू. वहिनी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. भेटायच्या दहा मिनिटांत दादांनी मला एवढंच विचारलं, "घरी कधी न्यायचं?" पाचव्या दिवशी नेलं, पण तसं. घरी राहिले असते तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. आपल्या खाटेवर गेले असते. आणि तेही आता सोपं नाही. घरी मरण आलं तर मृत्यूच्या कारणाचा दाखला शेवटच्या आजारात ज्यानं पाहिलं त्या डॉक्टरनं द्यायचा असतो. घरी कुणी पाहिलंच नसेल तर सही कोण करणार? माणूस सुखानं मरायलाही फॅमिली डॉक्टर लागतो.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावर कर्नाटकानं हरकत घेतली. मी दर एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधणारा माणूस. तरी सांगतो, हॉस्पिटलचं बिल कुठल्या सरकारनं भरायचं यावर दोन्हीकडून भांडण, आणि दारात डॉक्टर यावा म्हणून एकाचीही मागणी नाही. कर्नाटकानं २०२४ मध्ये 'गृह आरोग्य' काढलं, त्यात कर्मचारी घरी येऊन बीपी, शुगर तपासतात. चांगलं आहे, पण रात्री धाप लागल्यावर ते येत नाहीत. केरळात २००८ पासून सरकारी धोरणानुसार अंथरुणाला खिळलेल्यांकडे नर्स घरी जाते. आमच्या बेळगावात केएलईचं मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे, सिव्हिलचंही आहे. डॉक्टरांचा तुटवडा म्हणायची सोय नाही.

म्हणून सध्या मी एक उद्योग करतोय. आमच्या भागातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंशी बोललो. त्या तयार आहेत. महिन्यातून एकदा प्रत्येक घरी येतील, अडचणीला रात्रीही येतील. त्यांच्या अटी दोन. दर घरामागे महिना हजार रुपये, आजारी असा-नसा, एक तारखेला. आणि गूगल वाचून वाद घालायचा नाही. तीस घरं झाली तर त्यांना परवडेल. अकरा झाली आहेत. परवा माझ्याच बँकेतून निवृत्त झालेले, माझ्याहून जास्त पेन्शन घेणारे एक गृहस्थ भेटले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर्षभर आजारी नाही पडलो, तर पैसे परत मिळतात काय?"