हात बसायला गाय लागते

पहिल्या दिवशी मला कुणी सुरी दिली नाही. भटक्या कुत्रीचं पोट भादरायचं आणि गॉजचे तुकडे मोजायचे, एवढंच काम. बारा मांडले आणि परत अकराच आले, तर टाके घालायचे नाहीत. आधी बारावा शोधायचा. चौथ्या आठवड्यात आमच्या सर्जन मॅडम म्हणाल्या, "आज तू उघड."

निर्बीजीकरणाचा छेद दोन बोटांचा. पण अंडाशय वर घेताना त्याला धरून ठेवणारा बंध किती ताणायचा, ते पुस्तक सांगू शकत नाही. जास्त ओढलं तर रक्तवाहिनी फाटते, कमी ओढलं तर गाठीला जागा मिळत नाही. माझी पहिली गाठ सुटली. मॅडमनी शांतपणे वाहिनी चिमट्यात धरली नि म्हणाल्या, "परत बांध." त्यांच्या वीस मिनिटांच्या कामाला मी सव्वा तास घेतला. कुत्री संध्याकाळी उठून बसली, तोवर मी जेवले नव्हते.

आमची पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. माझ्यासारखी गोव्याची मुलं पशुवैद्यकीच्या पदवीसाठी परळला, शिरवळला जातात. मी शिरवळला शिकले आणि आता इंटर्नशिपला बार्देशातल्या एका प्राण्यांच्या रुग्णालयात आहे. इथे कुत्र्या-मांजरांवर हात छान बसतो. गोव्यात या कामाची घडीही चांगली बसली आहे. कुत्र्यांना वर्षानुवर्षं नेटाने लस टोचल्यावर 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला. माझी तक्रार कुत्र्यांबद्दल नाहीच, गुरांबद्दल आहे.

आमचं घर पेडण्यातलं. मी तिसऱ्या वर्षाला असताना आमची गाय दहा-बारा दिवस रवंथ करेना. डॉक्टर दोनदा आले, औषधं दिली. माणूस भला होता, पण पोट उघडायची सोय जवळपास नव्हती. विम्यासाठी शवविच्छेदन झालं तेव्हा कोठीपोटातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघाला, त्यात नायलॉनची दोरी गुंतलेली. पोट उघडून असा गोळा काढायचं ऑपरेशन काही अचाट नाही. गाय खोड्यात उभीच ठेवायची, डाव्या कुशीत भूल टोचायची, कोठीपोट कातडीला धरून शिवायचं म्हणजे घाण पोटात सांडत नाही, मग कोपरापर्यंत हात आत. मला हे सगळं तोंडपाठ आहे. एकदाही केलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: गोव्यातल्या इंटर्नचे निदान दोन महिने पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जावेत, तेही मोठ्या जनावरांच्या शस्त्रक्रियेत. पशुसंवर्धन खात्याने दोन्हीकडे एक पक्का खोडा, पाणी, दिवा आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी अनुभवी सर्जन एवढं द्यावं. लोक म्हणतात, गुरं उरलीयत कुठे? मये-सिकेरीची गोशाळा बघून या. 2019 मध्ये कळंगुट-कांदोळीची मोकाट गुरं तिथे नेली, तर ती गवताला तोंड लावेनात. हॉटेलांच्या उकिरड्यावरचं चिकन नि तळलेली मासळी खाऊन त्यांना तीच सवय लागलेली. गोव्याच्या तेव्हाच्या एका मंत्र्यांनी हे जाहीरपणे सांगितलं आणि देशभर हसं झालं. पण जी गाय उकिरड्यावर चिकन शोधते, ती चिकनची पिशवीही गिळते. त्या पोटांचं पुढे काय होतं, हे हसणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं?

दुसरा आक्षेप खरा आहे. शिकाऊ पोरांनी गरिबाच्या गाईवर हात बसवायचा का? एकटीने नाहीच, नोंदणी होईपर्यंत कायदाही ते करू देत नाही. पण माझी सुटलेली गाठ मॅडमनी धरली, तसा गाईजवळ कुणीतरी उभा असेल, तर मालकाला एकाऐवजी दोन डॉक्टर मिळतात. आज कितीदा एकही मिळत नाही.

गोठ्यात आता एक पाडी आहे. रविवारी घरी गेले की तिच्या डाव्या कुशीत मूठ दाबून घड्याळ बघते. दोन मिनिटांत कोठीपोटाच्या दोन-तीन लाटा हाताला लागायला हव्यात. आई दारातून विचारते, "गे बाय, बरी आसा ती?" मी बोट वर करते, मोजणं चालू असतं.