वेताळाला भिंतीवर टांगू नका!

इंद्रजाल कॉमिक्सची मुखपृष्ठे अंकापासून सोडवायची, काचेच्या चौकटीत बसवायची आणि दिवाणखान्यात टांगायची, अशी एक टूम गेल्या काही वर्षांत आपल्या मराठी घरांतून निघाली आहे. हाउन्सलो ते स्लाउ एवढ्याशा टापूत तीन घरांत मी ती पाहिली. सोफ्याच्या वर वेताळ, टीव्हीशेजारी जादूगार मॅण्ड्रेक, जिन्यात बहादूर. पाहुणे आले की यजमान चहाच्या आधी त्यांना भिंतीकडे नेतात. पाहुणे "अय्या, हे तर आमच्याकडेही होतं!" म्हणतात आणि दोन मिनिटे सगळे हळवे होतात. मग समोसे येतात. मी एका घरी सहज विचारले, "आतली पानं कुठे ठेवलीत?" उत्तर मिळाले, "ती काय करायची? पिवळी पडली होती. रिसायकलिंगच्या डब्यात टाकली."

या टुमेला माझा साफ विरोध आहे. आपल्या स्मरणिकेत आपल्याच माणसांविरुद्ध लिहिणे बरे दिसत नाही, हे मला कळते. पण पुढच्या वर्षी हीच टूम आणखी दहा घरांत पोचलेली असेल, म्हणून आताच बोलते.

आधी एक गैरसमज दूर करते. मी मुखपृष्ठांच्या विरुद्ध नाही. उलट, मुखपृष्ठ म्हटले की आपण फक्त दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांचीच नावे घेतो, याचे मला वाईट वाटते. दलालांचा 'दीपावली' १९४५ पासून निघू लागला आणि मराठी घरात चित्र म्हणजे काय हे त्या अंकांनी शिकवले, हे खरेच आहे. मुळगावकरांच्या देव-देवतांची आणि अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरच्या चित्रांची मोहिनीही खरी. पण त्याच मुंबईत गोविंद ब्राह्मणिया नावाचा चित्रकार वर्षानुवर्षे इंद्रजालची मुखपृष्ठे रंगवत होता. आपल्याला तो 'बी. गोविंद' एवढाच माहीत, आणि पुष्कळांना तेवढाही नाही. चांदोबाच्या मुखपृष्ठावर वड्डादि पापय्या यांची सही असे, तीही तेलुगू अक्षरांत, त्यामुळे आपल्याला ती वेलबुट्टीच वाटायची. शंकर यांनी काढलेला तो खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रमराजा आपल्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण २०२० साली शंकर वारले तेव्हा आपल्या किती घरांत ती बातमी पोचली? चित्र भिंतीला, चित्रकार विस्मरणात! त्या तीनही घरांतल्या एकाही चौकटीखाली चित्रकाराचे नाव लिहिलेले नव्हते.

असो. मुद्दा आतल्या पानांचा आहे.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये सुरू केले आणि १९९० मध्ये ते बंद पडले. क्रमांक ८०५ पर्यंत गेले. त्यातले १२३ आणि १२४ हे दोन अंक छापखान्यातल्या संपामुळे निघालेच नाहीत, म्हणून प्रत्यक्ष अंक ८०३. पहिले बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे. मग मॅण्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी आली. आणि आज आपण ज्या देशात राहतो तिथल्या 'डेली मिरर'मधला गार्थसुद्धा! मुंबईच्या चाळीत किंवा साताऱ्याच्या वाड्यात बसून गार्थ वाचणाऱ्याला तो लंडनचा आहे हे ठाऊक नव्हते. १९७६ साली आबिद सुरतींनी बहादूर आणला. अंगात कुडता आणि खाली जीन्स घालणारा, दरोडेखोराचा मुलगा असूनही दरोडेखोरांशी लढणारा. गोविंद यांनी त्याची आतली चित्रेही काढली.

बहादूर वगळला तर या कॉमिक्सचा आतला मजकूर बहुतांशी परदेशातून आलेला. वेताळाचा निर्माता ली फॉक. १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज येणाऱ्या पट्ट्या इथे कापून-जोडून पानावर बसवलेल्या. चौकटीवाले नेमके हेच पुढे करतात. "चित्रं अमेरिकन, गोष्ट अमेरिकन. आपलं काय, तर मुखपृष्ठ. तेवढं आम्ही जपलं." युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. एक गोष्ट मात्र ते विसरतात. आतली भाषा मराठी होती!

ली फॉकची गोष्ट कुठेही जाणार नाही. ऑस्ट्रेलियात फ्रू नावाची कंपनी १९४८ पासून वेताळाची पुस्तके काढते आहे. अमेरिकेत जुन्या पट्ट्यांचे जाडजूड खंड निघाले आहेत. साय बॅरीने काढलेला वेताळ पाहायचा तर पैसे टाका आणि घरपोच मागवा. पण त्याच गोष्टीचे जे मराठी झाले ते जगात फक्त त्या पिवळ्या पानांवर आहे. तुम्ही जे डब्यात टाकलेत ते दुसरीकडे कुठून आणणार?

आणि ते मराठी काही हमाली भाषांतर नव्हते. 'फॅण्टम'ला 'वेताळ' म्हणणे हीच केवढी सूचक गोष्ट आहे बघा. हिंदीनेही तोच शब्द घेतला, पण कोकणातल्या माणसाला तो ऐकू येतो तसा दुसऱ्या कुणाला येणार नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. तिथे देवाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. का? तर देव रात्री गावाची राखण करायला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. आता ली फॉकचा नायक आठवा. लोक त्याला चालतेफिरते भूत समजतात, तो मरत नाही असे मानतात, आणि तो रात्री-बेरात्री जंगलातून फिरून राखण करतो. अमेरिकन कल्पनेला आमच्या गावच्या सीमेवरचा राखणदार भेटला तो एका शब्दात. हा शब्द ज्यांनी मराठी पानांवर रुजवला, त्यांची नावे आपल्यापैकी एकालाही सांगता येणार नाहीत. त्यांचे जे काही उरले आहे ते त्या फुग्यांतल्या अक्षरांत आहे.

आणखी एक बारकावा. संपादकांनी मूळ गोष्टीत हात घातला होता. वेताळाचा मुलूख मूळ इंग्रजीत 'बंगाला', पूर्वी तर 'बेंगाली' होता. आपल्याकडे गोंधळ नको म्हणून त्याचे 'डेंकाली' केले. चाच्यांची टोळी 'सिंग' होती, ती 'सिंगा' झाली. विसाव्या वेताळाचा खुनी 'रामा' होता, त्याचा 'रामलू' केला. स्वातंत्र्यानंतर सतरा वर्षांनी मुंबईतला संपादक अमेरिकन माल जसाच्या तसा गिळायला तयार नव्हता, हे त्यातून दिसते. हे मुखपृष्ठावरून कळत नाही. त्यासाठी पान उलटावे लागते.

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो, तो टाळणार नाही. आपली इथे वाढलेली मुले अंक हातात घेतात आणि दोन मिनिटांत विचारतात, "आफ्रिकेच्या जंगलात एक गोरा माणूस राजासारखा का बसलाय? आणि ते सगळे त्याला नमस्कार का करतायत?" अशा वेळी बऱ्याच आई-बाबांची तारांबळ उडते आणि पुस्तक हळूच परत कपाटात जाते. माझ्या मते चौकटीची आवड त्यातूनही आली आहे. भिंतीवरचे चित्र प्रश्न विचारायला लावत नाही. पण मुलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रंजक आहे. हो, ही साम्राज्याच्या काळातली कल्पना आहे. हो, त्या बुटक्या बांदर टोळीचे चित्रण आज खटकते आणि खटकायलाच हवे. आणि हो, नुकतेच स्वतंत्र झालेल्या देशातली लाखभर पोरे, तुमच्या आजोबांसकट, त्या गोऱ्या राखणदारावर जीव टाकत होती. हे कसे काय, यावर शनिवारच्या मराठी वर्गात तासभर बोलता येईल. 'माझा आवडता प्राणी' या निबंधापेक्षा मुले नक्कीच जास्त बोलतील.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. हे कापत नाहीत, कोंबतात. अमेरिकेत २००० सालापासून कॉमिक्स तपासून, गुण देऊन, कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे सीलबंद करून देणारी कंपनी आहे. डबी फोडली की गुण गेले, म्हणजेच भाव गेला. १९३८ चा सुपरमॅनचा पहिला अंक लाखो डॉलरना जातो, तिथे असा बंदोबस्त समजू शकते. या देशातही १९३७ चा 'डॅण्डी'चा पहिला अंक, सोबतच्या फुकट शिटीसकट, २००४ साली वीस हजार पौंडांच्या वर गेला. त्याला कारण आहे. युद्धकाळात कागदाची टंचाई होती, घरोघरचे जुने कागद लगद्यासाठी गोळा झाले आणि जुने अंक दुर्मीळ झाले. आपल्याकडे युद्ध नव्हते. आपल्याकडे रद्दीवाला होता, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याला हाका मारणारे आपणच होतो.

पण भावाच्या या वेडात एक गंमत होते. मला भेटलेल्या संग्राहकांत इंग्रजी इंद्रजाल 'ओरिजिनल' आणि मराठी म्हणजे दुय्यम, अशी सरळ उतरंड आहे. मराठी माणूस मराठी अंक देऊन इंग्रजी घेतो आणि वर "अपग्रेड केलं" म्हणतो! अहो, ओरिजिनल कसले? इंग्रजी इंद्रजाल हे अमेरिकन पट्टीचे पुनर्मुद्रण. त्यातले 'डेंकाली' सोडले तर शब्दन् शब्द मूळ ठिकाणी मिळू शकतो. दोघांत जास्त दुर्मीळ काय, ते सांगायला गुण देणारी कंपनी कशाला हवी?

"मराठी वाचतंय कोण?" हा शेवटचा हुकमी एक्का. उत्तर सोपे आहे. जे मूल धडा वाचत नाही ते चित्रकथा वाचते. 'कवटी', 'शपथ', 'चाचे', 'टोळी', 'सूड' हे शब्द कुठल्या संस्कारवर्गात शिकवणार? अनंत पै यांना हे फार आधी कळले होते. इंद्रजालच्या उभारणीत काम केलेला हा माणूस. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता येईना, हे त्यांनी पाहिले आणि त्यातून अमर चित्रकथा उभी राहिली. राम वाईरकरांचा कृष्ण आणि प्रताप मुळीक यांची चित्रे तिथे आली. मुले चित्रासाठी उघडतील आणि मजकुरासाठी थांबतील, हा तो हिशेब होता. आपण चित्र ठेवून मजकूर टाकतो आहोत. म्हणजे हिशेब बरोबर उलटा!

कोणी म्हणेल, हे जपणे सरकारचे काम. भारतात १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयाला, मुंबईला एशियाटिकच्या इमारतीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला द्यायची. १९५६ पासून वृत्तपत्रे-नियतकालिकेही त्यात आली. कायदा उत्तम आहे. पण पोरांच्या चित्रकथांचा प्रत्येक मराठी अंक त्या कपाटांत सुखरूप असेल असे समजून ज्याला झोप येते, त्याचा मला हेवा वाटतो. इथल्या ब्रिटिश लायब्ररीत इथे छापलेला 'बीनो' कायद्याने जमा होतो. आपले कोण जमा करणार?

तर काय करायचे? भारतातून येताना तेवीस किलोंत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला बसतो, तर माहेरच्या माळ्यावरचे पाच अंकही बसतील. ते हाताच्या बॅगेत घ्या, मसाल्यापासून लांब. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तिचा गोंद कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा. साध्या पॉलिथिनऐवजी पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा लावून ठेवा. लॉफ्ट आणि गॅरेज या दोन जागा वर्ज्य. इथली ओल मुंबईच्या पावसाळ्याला हार जाणार नाही. मुखपृष्ठ भिंतीवर हवेच असेल, तर त्याचा चांगला रंगीत फोटो काढून तो लावा आणि खाली चित्रकाराचे नाव लिहा. मूळ रंग खिडकीसमोर काही वर्षांत विटतात. म्हणजे कापून लावणारे तेही गमावणार आहेत.

आणि अंक वाचू द्या. पोरांच्या हाताला चिवडा लागलेला असेल तर आधी धुवायला लावा, एवढेच.

मंडळाच्या समितीला मी विनंती केली आहे की येत्या गणेशोत्सवात पुस्तकांच्या टेबलाशेजारी एक टेबल मराठी चित्रकथांसाठी द्यावे. विक्री नाही, किंमत नाही. तिथे बसून वाचायचे आणि परत ठेवायचे. कोणाकडे कुठला अंक आहे त्याची एक वही ठेवू. क्रमांक, नाव, मुखपृष्ठावर सही असल्यास ती, एवढेच लिहायचे. वाचनालयाचा शिक्का असलेले, समास कापून बाइंड केलेले, कुणा दादाने बॉलपेनने मॅण्ड्रेकला चष्मा काढलेले, सगळे चालतील. मुखपृष्ठ नसलेले अंक आधी आणा.