भाड्याने दिलेले खाते

ऑनलाइन फसवणुकीविषयी महाविद्यालयांतून व्याख्याने होतात, फलक लागतात. ओटीपी कोणास सांगू नये, हा उपदेश विद्यार्थ्यांना एव्हाना तोंडपाठ झाला आहे. तो योग्यच, परंतु त्यात विद्यार्थी हा केवळ संभाव्य बळी मानलेला असतो. प्रत्यक्षात भामट्यांना त्याच्या खिशातील चार पैशांपेक्षा त्याचे बँक खाते अधिक मोलाचे वाटते.

२०२४ या एका वर्षात सायबर भामट्यांनी देशवासीयांचे सुमारे २२ हजार ८४५ कोटी रुपये लुबाडले, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत सांगितले. एवढा पैसा जातो कोठे? 'डिजिटल अटके'च्या धास्तीने एखाद्या निवृत्त शिक्षकाने पाठविलेली आयुष्याची पुंजी सूत्रधाराच्या स्वतःच्या खात्यात सहसा जात नाही. ती प्रथम अनेक परक्या खात्यांत विखुरली जाते आणि पाहता पाहता रोख रक्कम वा आभासी चलन होऊन दिसेनाशी होते. या मधल्या खात्यांना बँकांच्या परिभाषेत 'म्यूल' म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. पाठीवरचे ओझे कोणाचे, हे त्याला ठाऊक नसते. उपमा बोचरी आहे, पण चपखल आहे.

गावाहून पुण्यात वा लातुरात शिकायला आलेल्या मुलाची ओढाताण कोणापासून लपलेली नाही. खोलीभाडे, खाणावळ, क्लासचे शुल्क. अशा वेळी वसतिगृहातलाच कोणी ओळखीचा सुचवितो : नवे खाते उघड, पासबुक, एटीएम कार्ड आणि जोडलेले सिमकार्ड दे, पाच हजार मिळतील. यात कोणाचे काय बिघडते, असे त्या मुलाला वाटते. मागणारा परका नसतो, हेच या जाळ्याचे खरे बळ.

कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ने चोरीच्या मालमत्तेच्या व्याख्येत फसवणुकीने मिळविलेल्या मालमत्तेचाही समावेश केला. जुन्या दंडविधानातील व्याख्येत तो नव्हता. अशी मालमत्ता जाणूनबुजून किंवा तसे मानण्यास कारण असताना अप्रामाणिकपणे स्वीकारल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. 'मला ठाऊक नव्हते' हा बचाव पाच हजार रुपये घेतलेल्याच्या तोंडी फारसा शोभत नाही.

शिक्षा तर दूरची गोष्ट. आधी खाते गोठते. पीडिताने १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली की पैशाचा माग काढीत यंत्रणा या खात्यापर्यंत पोहोचते. शिष्यवृत्ती त्याच बँकेत जमा होत असेल, तर तीही अडकण्याची भीती. परराज्यातील पोलिसांची नोटीस गावी वडिलांच्या हाती पडते, तेव्हा घराला पहिल्यांदा प्रकार कळतो. पुढे नोकरीपूर्वीची चारित्र्य पडताळणी आणि पारपत्र आहेच.

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांच्या आवारात खाती उघडून देणाऱ्या बँकांनी ही गोष्ट त्याच टेबलावर मराठीत सांगावयास हवी. अर्जावरील बारीक अक्षरांतल्या अटी कोण वाचतो? आणि ज्याने खाते आधीच दिले असेल, त्याने नोटिशीची वाट पाहू नये. शाखेत जाऊन लेखी अर्जाने व्यवहार थांबवावेत, सिमकार्ड बंद करावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन सायबर पोलिसांकडे जावे. घरच्यांनीही त्या दिवशी रागावण्याचे काम थोडे पुढे ढकलावे.