मुलींचे ‘सर’ कोण ठरवतं?

सीबीडी बेलापूर हे तसं फायलींचं गाव. इकडे कोकण भवन, तिकडे सिडको भवन. ‘बदलीची ऑर्डर’ हा शब्द इथल्या घराघरात वरण-भाताइतका ओळखीचा. अशा या गावात संध्याकाळी खांद्यावर ग्लोव्ह्ज अडकवून क्लासला निघालेल्या मुली आता दिसतात. आमच्या शेजारणीची लेक त्यातलीच एक. तिला बॉक्सिंगला घालण्याआधी शेजारणीनं केवढी चौकशी केली होती! सर किती वर्षं शिकवतात? ओरडतात का? शेवटची मुलगी जाईपर्यंत हॉलवर कोण थांबतं? पाळीच्या दिवसांत पोरीनं सांगितलं तर ऐकून घेतात ना?

मैत्रिणींनो, देशाच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक नेमताना यातले निम्मे प्रश्न तरी कुणी विचारत असेल का?

जरा मागे वळून बघा. 2017 मध्ये फ्रान्सचे स्तेफान कोटालोर्डा आपल्या मुलींना शिकवायला आले आणि पगार मिळत नाही म्हणून थोड्याच दिवसांत निघून गेले. त्यांच्यानंतर इटलीचे राफेल बर्गामास्को. 2019 मध्ये मोहम्मद अली कमर, 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला बॉक्सिंगमधलं पहिलं सुवर्ण मिळवून देणारे. टोकियोत लव्हलिना बोर्गोहेनला कांस्य मिळालं ते याच काळात, तरी 2021 मध्येच भास्कर भट्ट आले. म्हणजे पाच वर्षांत चार नावं. माणसं वाईट होती असं मी अजिबात म्हणत नाही. पण आपल्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा आपण इतक्या भराभर बदलत नाही!

प्रत्येक नवा प्रशिक्षक नवी पद्धत आणतो. पाय कसे हलवायचे, वजन किती आधी उतरवायचं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुलगी मात्र तीच असते, आणि तिच्या हातात चांगली वर्षं मोजकीच असतात.

शिवाय हे काम नुसतं शिकवण्याचं नाही. राष्ट्रीय शिबिरात येणारी प्रत्येक जण गावाकडे आपला एक गुरू सोडून आलेली असते. त्याला दुखावून चालत नाही आणि त्याच्याच हाती सगळं सोडूनही चालत नाही. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या ना. लंडन ऑलिम्पिकआधी मेरी कोम बालेवाडीत ज्यांच्याकडे घाम गाळत होती, त्या चार्ल्स अ‍ॅटकिन्सन यांना तिच्याबरोबर ऑलिम्पिक ग्राममध्ये जाता आलं नाही. कारण काय, तर जागतिक संघटनेचं ‘थ्री-स्टार’ प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हतं. मेरीनं पदक आणलं ही तिची कमाल. दहा वर्षांनी, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, लव्हलिनाला आपल्या प्रशिक्षक संध्या गुरुंग यांच्यासाठी जाहीरपणे तक्रार करावी लागली. गुरुंग म्हणजे 2021 च्या द्रोणाचार्य पुरस्काराच्या मानकरी, आणि त्या दाराबाहेर! परवानगी मिळाली, पण ओरडा झाल्यावर. लव्हलिना तिथे उपांत्यपूर्व फेरीतच हरली.

दुसरी गोष्ट निवडीची. 2019 मध्ये निखत झरीनला मेरी कोमविरुद्ध चाचणी मिळावी म्हणून थेट क्रीडामंत्र्यांना पत्र लिहावं लागलं. चाचणी झाली, निखत हरली, पण तिचं मागणं चुकीचं होतं का? पुढे तीच दोनदा जगज्जेती झाली. 2023 च्या दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेआधी तर चाचणी लढतीच नव्हत्या. शिबिरातल्या मूल्यमापनाचे गुण मोजून संघ ठरला आणि वगळलेल्या तीन राष्ट्रीय विजेत्या हायकोर्टात गेल्या. कोर्टानं हस्तक्षेप केला नाही. पण मुलींना शिबिरातल्या गुणांपेक्षा कोर्टाची पायरी भरवशाची वाटली, हे मला जास्त झोंबतं. ज्याच्या हातात गुण आहेत, त्याच्यावर विश्वास नको का?

आणि माणूस गमावला तर काय होतं, ते आयर्लंडनं पाहिलंय. लंडनला त्यांच्या बॉक्सर्सनी चार पदकं जिंकली, त्यात केटी टेलरचं सुवर्ण. 2015 मध्ये मुख्य प्रशिक्षक बिली वॉल्श यांचं कराराच्या वादावरून संघटनेशी फाटलं आणि ते अमेरिकेला गेले. 2016 ला रिओत आयर्लंडच्या बॉक्सर्सना एकही पदक नाही, अमेरिकेला तीन. सगळं श्रेय एका माणसाचं नसेलही, पण कुणाला ठेवायचं आणि कुणाला जाऊ द्यायचं, हा निर्णय टेबलावरच्या चहाइतका सोपा नसतो एवढं नक्की.

मुख्य प्रशिक्षक बाईच हवी, असा माझा हट्ट नाही. चांगला ‘सर’ मिळाला तर उत्तमच. पण निवड करणाऱ्या टेबलाभोवती बाई हवी, आणि तीही नावापुरती नको. सरिता देवीसारखी, स्वतः रिंगमध्ये मार खाऊन जगज्जेती झालेली. वजन उतरवताना पाळी आली की काय होतं, हे तिला कुणी पुस्तकातून सांगायला नको. उमेदवारानं ज्यांना शिकवलंय त्या मुलींशी आधी, एकेकीशी, बंद दाराआड बोलावं. कुस्तीच्या मुली 2023 च्या जानेवारीत जंतरमंतरवर बसल्या, त्यानंतर तरी हे वेगळं सांगायची गरज पडू नये. करार पुढच्या ऑलिम्पिकपर्यंतचा असावा. पगार वेळेवर द्यावा, हे तर लिहायलाच लाज वाटते.

लंडनला महिलांचे तीनच वजनगट होते, 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये सात असतील, पुरुषांइतकेच. पॅरिसहून आपण रिकाम्या हातानं आलो खरे, पण 2025 मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत जास्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा सोनं घेऊन आल्या. पुण्याची देविका घोरपडे 2022 मध्येच युवा जगज्जेती झाली आहे. नेमणुकीच्या बैठकीची तारीख ठरेल तेव्हा यांच्यापैकी एकीला तरी फोन करून विचारा, बाई गं, तुला कसे सर हवेत?